थेट बसच्या बाजूने

तुम्ही हसणार आहात, हे मला आत्ताच दिसतंय. हसा बापा! फक्त कप खाली ठेवून हसा, चहा सांडेल.

वादात हरून तोंडावर आपटलेली माणसं तुम्ही ढीगभर पाहिली असतील. मी वाद जिंकून आपटलो. तोही असातसा वाद नाही, चांगला पुराव्यानिशी, चार लोकांकडून पाठ थोपटून घेऊन जिंकलेला! असा गाढवपणा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला असेल तर आणा त्याला माझ्यासमोर. मी स्वतःच्या खर्चानं शाल-श्रीफळ देतो.

तर ऐका. मी आंजीला शाळेत मराठी शिकवतो, सहावी ते आठवी. राहतो देवळीला. म्हणजे सकाळी देवळीहून वर्धा, वर्ध्याच्या स्टँडवर बस बदलायची आणि पुढे आंजी. संध्याकाळी तेच उलटं. वय विचारू नका. लग्न झालेलं नाही, एवढं सांगतो. आधी बहिणींची लग्नं होती, मग आईचं आजारपण निघालं, मग पत्रिका जुळेनात, आणि मग लोकांनी विचारणंच सोडलं. आईनंही सोडलं, तेव्हा मात्र मी जरा घाबरलो.

आता निबंध. आमच्या पोरांचा निबंध म्हणजे गाय. 'गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात.' 'माझे बाबा' असा विषय दिला तरी दुसऱ्या ओळीत चार पाय येतात की काय, अशी मला धास्ती. म्हणून यंदा ठरवलं, सातवीला मत मांडायला शिकवायचं. आपलं म्हणणं काय, ते का, त्याला पुरावा काय, समोरचा त्यावर काय म्हणेल, आणि त्याला आपलं उत्तर काय. एवढं जमलं की निबंध झाला. सोपं आहे की नाही?

पहिला विषय दिला, शाळेत मोबाईल आणू द्यावा का. मागच्या बाकावरचा रोशन तडक उभा राहिला.

"द्यावा सर."

"का?"

"पाह्यजेच नं सर."

"अरे, पण कारण काय?"

"पाह्यजे, हेच तं कारन सांगून राह्यलो!"

"बरं, पुरावा?"

"माह्या मामाजवळ दोन हायेत."

बसा आता! पण पहिल्या बाकावरच्या साक्षीचं तसं नव्हतं. ही पोरगी हजेरीला 'हजर' म्हणतानाही दोन कारणं देईल अशी. ती म्हणाली, "सर, समोरचा म्हनन का पोरं गेम खेळतीन. मंग आपन म्हनाचं, स्टाफरूममंदी सर लोकं बी तं मोबाईलच पाहून राह्यतात." मी तिला शाबासकी दिली आणि त्या दिवसापासून माझा मोबाईल कपाटात ठेवायला लागलो.

हे झालं शाळेचं. आता खरं दुखणं सांगतो.

वैशाली मॅडम. राहायला आंजीला, नोकरी सावंगीला दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीवर. घरी त्या आणि त्यांची आई, बस. लग्नाचं त्यांचंही माझ्यासारखंच काहीतरी राहून गेलेलं. त्या सकाळी आंजीहून वर्ध्याला येऊन सावंगीची बस धरायच्या, संध्याकाळी तसंच परत. म्हणजे बघा, सकाळी मी ज्या गावात पोचतो तिथून त्या निघालेल्या असतात. संध्याकाळी त्या ज्या गावात पोचतात तिथून मी निघालेला असतो. दोघांची गाठ पडायची ती फक्त संध्याकाळी, वर्ध्याच्या स्टँडवर. तिथं चहावाल्याच्या बाकड्यावर बसून त्या आंजीच्या बसची वाट बघायच्या आणि मी देवळीच्या.

आंजीची बस म्हणजे बस नव्हे, रुसलेला जावई. येईल तेव्हा येईल. माझी अडचण उलटी होती. पुलगावची घ्या, यवतमाळची घ्या, सगळ्या देवळीवरूनच जातात! एक गेली की दुसरी दत्त म्हणून उभी. त्या सोडायच्या कशा?

"सर, तुमची गाडी लागली," मॅडम म्हणायच्या.

"ही नको. फार भरली आहे."

थोड्या वेळानं दुसरी यायची. "ही तं खाली दिसते सर."

"तेच म्हणतो ना! एवढी रिकामी आहे म्हणजे नक्की वाटेत बंद पडणार."

"अन् ही?"

"या ड्रायव्हरचं काही खरं नाही. मागच्या वेळी माझं डोकं टपाला लागलं."

मुद्दा, कारण, पुरावा! मॅडम चहाच्या ग्लासात बघून हसायच्या. त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटायचं कळतं, आणि घरी पोचलो की वाटायचं, छे, कसलं काय.

बोलायचो काय? तसलं काही नाही हो! मी पिशवीतून पोरांच्या वह्या काढून निबंध वाचून दाखवायचो. त्या खिडकीवरच्या गमती सांगायच्या. एकदा एका आजोबांना यांनी नाव विचारलं, तर ते भडकले, "मांगच्या हप्त्यात तं सांगतलं होतं, मंग लिहून काऊन नाई ठेवलं?" हे सांगताना त्या आजोबांसारखा आवाज काढायच्या आणि मग स्वतःच ओढणी तोंडाला लावून हसत बसायच्या.

खरं सांगतो, माझा सगळा दिवस त्या चहाकडे तोंड करून बसलेला असायचा. सकाळी शर्टाला इस्त्री करायचो ती संध्याकाळसाठी. वर्गात कोणी काही मजेशीर लिहिलं की मी हसायच्या आधी मनात म्हणायचो, हे मॅडमना सांगायचं. तोंडानं मात्र कधी एक शब्द काढला नाही. काढू, काढू, आज नाही उद्या. स्टँड काय कुठे पळून चाललंय का?

आणि मग ती संध्याकाळ आली. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि आंजीच्या बसचा पत्ताच नव्हता. मॅडम सारखं घड्याळ बघत होत्या.

"आई दारातच बसून राह्यते सर. मी घरी जाईपर्यंत जेवत नाई. गुडघे दुखतात, तरी बसून राह्यते." मग म्हणाल्या, "सावंगीवरून थेट आंजीले गाडी असती तं किती बरं झालं असतं!"

आता मला सांगा, शहाण्या माणसाच्या डोक्यात इथं काय येईल? की बाबा रे, थेट गाडी झाली तर या बाई इथं उतरतील कशाला? माझ्या डोक्यात काय आलं? की ही गाडी मी आणून दिली तर! त्या 'तर'पुढे काय, ते बघायला मी गेलोच नाही. रात्रभर आपला 'तर'वरच लोळत पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या फळ्यावर विषय लिहिला, 'सावंगी ते आंजी थेट बस असावी का?'

वर्ग असा पेटला म्हणता! गायीवर लिहिणारी पोरं ती हीच का, असा मला प्रश्न पडला. अर्ध्या वर्गाचं कोणी ना कोणी सावंगीला जातंच. कोणाची ताई नर्सिंगला, कोणाची आई मेसमध्ये पोळ्या लाटायला, कोणाचे बाबा वॉचमन. पुरावे नुसते ओसंडून वाहत होते.

"सर, माही ताई घरी येते तवा भाजी पार थंडी झाली राह्यते."

"सर, माह्या आजीचा डोळ्याचा इलाज चालू होता. स्टँडवर बसून बसून डोळे बरे झाले, पन कंबर गेली!"

मी म्हटलं, लिहा, लिहा, हेच लिहा. तेवढ्यात मागून रोशन बोलला, ज्यानं जन्मात कधी कारण दिलं नव्हतं.

"सर, थे गाडी स्टँडमंदी नेवाचीच नाई. आत घुसली का निंगता निंगत नाई. बाहेरच्या बाहेरूनच काढाची."

"वा रोशन! याला म्हणतात मुद्दा!"

आणि मी तो मुद्दा फळ्यावर लिहिला. लाल खडूनं लिहिला. खाली दोन रेघा मारल्या. स्वतःच्या हातानं, मंडळी!

साक्षीचा हात वर होताच. "सर, समोरच्याची बाजू राह्यली."

"कोणाची?"

"हे गाडी नको म्हननारा कोन हाये?"

"कोणी नाही. यात कोणाचंच नुकसान नाही."

"असं कसं सर? तुमीच तं सांगतलं, दुसरी बाजू राह्यतेच म्हनून."

"साक्षी, खाली बस."

बसली बिचारी. पण तोंडावरून स्पष्ट दिसत होतं, की सर चुकून राह्यले.

पुढे काय झालं, तर साक्षीचा निबंध सरपंचांच्या कानावर गेला. त्यांचा पुतण्या त्याच वर्गात होता, त्यानं घरी जाऊन सगळा पाठ म्हणून दाखवला. सरपंचांनी तो ग्रामसभेत वाचायला लावला. साक्षीनं असा वाचला, की एक म्हातारबुवा उठून म्हणाले, "हिले तं आमदार करा बापा!" तिथल्या तिथं ठराव झाला. सरपंच मला म्हणाले, "झाडे सर, हे पोट्टे तं वकिलावानी लिहून राह्यले! चाला, घ्या पोरीले सोबत, आगारात जाऊ."

आगारातले साहेब भले निघाले. साक्षीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिला बिस्किट दिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. चालवून पाहू. फक्त गाडी स्टँडवरून घेऊ. तिथं चार प्रवासी जास्त मिळतात."

सरपंच लगेच म्हणाले, "चालन साहेब, काई हरकत नाई."

संपलं होतं सगळं! काम झालं होतं! त्या साहेबाच्या तोंडून साक्षात माझं कुलदैवत बोलत होतं हो! रोज संध्याकाळी गाडी स्टँडवर आली असती, चहापुरती थांबली असती, मॅडम निदान खिडकीत तरी दिसल्या असत्या. मी हात जोडायचे, धन्यवाद म्हणायचं आणि गुमान बाहेर पडायचं.

पण नाही. मी उठून उभा राहिलो.

"साहेब, माफ करा, पण हे पटत नाही."

सरपंचांनी माझा शर्ट मागून ओढला. मी ऐकतोय थोडाच! लाल खडूचा मुद्दा होता तो, असा कसा सोडू? स्टँडमध्ये शिरलं की वेळ कसा जातो, वळसा कसा पडतो, दमलेली बाई घरी कशी उशिरा पोचते, म्हातारी आई दारात कशी ताटकळते, सगळं सांगितलं. समोरच्याची बाजूही मीच मांडली आणि मीच खोडली. साहेब म्हणाले, प्रवासी कमी मिळतील. मी म्हटलं, लवकर पोचते म्हटल्यावर उलट वाढतील. साक्षी मान हलवत होती. शेवटी साहेबांनी हात टेकले.

"सर, तुम्ही वकील का नाही झालात? बरं, बाहेरच्या बाहेर नेऊ."

मी सातव्या आसमानात! आयुष्यात कधी घरी कोणी मला वादात जिंकू दिलं नव्हतं. आणि इथं सरकारी साहेब गार! जाताना मी साक्षीला स्टँडवर समोसा खाऊ घातला. त्याच बाकड्यावर बसवून, हो.

त्या संध्याकाळी मॅडम भेटल्या. बातमी फोनवरून त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"सर, गावात साऱ्याइच्या तोंडी तुमचंच नाव हाये. आईनं तं तुमाले जेवाले बोलावलं." एकदम खूश होत्या. मग ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाल्या, "बाहेरच्या बाहेर जाईन म्हनते गाडी. खरं हाये?"

"खरं म्हणजे काय! तो मुद्दा तर मीच पटवला साहेबांना!"

"हं," म्हणाल्या.

तेवढ्यात आंजीची बस लागली. चक्क लागली! पण मॅडम हलेनात.

"हे नको, जाऊ द्या सर, फार भरली हाये."

मी उठून बघितलं. मागे चांगल्या तीन-चार सीटा मोकळ्या होत्या. "छे छे, आहे ना जागा!" म्हणत मी धावत गेलो, खिडकीतून आपला रुमाल टाकून जागा धरली आणि मॅडमना दाराशी उभं राहून चढवून दिलं. "बसा, बसा, आई वाट बघत असतील!"

त्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. मी हात हलवत होतो. आपण कुणाचं तरी भलं केलं की छाती कशी भरून येते, तशी माझी भरून आली होती. रुमाल त्यांच्याकडेच राहिला.

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' म्हणतात ना? मग माझ्याच वेळी यांना कशी काय घाई सुटली? राखी पौर्णिमेच्या आधीच गाडी सुरू! आंजीत नारळ फुटला, ड्रायव्हरला हार घातला, मलाही घातला. पोरं ओरडत होती, सातवीची गाडी, सातवीची गाडी! मी हार घालूनच वर्ध्याला आलो, स्टँडवर नेहमीच्या बाकड्यावर बसलो, चहावाल्याला दोन बोटं दाखवली. त्यानं दोन ग्लास आणून ठेवले.

मी बसलो. एक पुलगाव सोडली. एक यवतमाळ सोडली. चहावर साय आली.

चहावाला फडकं मारत आला. "मॅडम नाई आल्या आज?"

"त्यांना आता थेट गाडी झाली ना. बाहेरच्या बाहेर जाते."

"अरे वा! बरं झालं बापा. कोनं केली?"

"मी."

त्यानं माझ्याकडे बघितलं, गळ्यातल्या हाराकडे बघितलं, आणि दुसरा ग्लास माझ्याकडे सरकवला. "मंग हा बी तुमीच घ्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साक्षी कोणाची बाजू विचारत होती, ते तेव्हा कळलं. तो हार त्या बाकड्यावरच काढून ठेवला.

पुढचे दिवस कसे गेले, काय सांगू! सवयीनं स्टँडवर थांबायचो. देवळीच्या गाड्या सवयीनं सोडायचो, आता तर कोणी 'का' म्हणूनही विचारत नव्हतं. पिशवीत निबंध तसेच राहायचे. एका पोरानं लिहिलं होतं, 'पाऊस नसता तर छत्रीवाले मेले असते, आणि छत्री नसती तर पाऊस आलाच नसता.' हे कोणाला वाचून दाखवू? चहावाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "बराबर तं हाये." आणि चीड कशाची येत होती सांगू? ज्या दिवसापासून मॅडम यायच्या बंद झाल्या, त्या दिवसापासून ती आंजीची बस घड्याळ लावल्यासारखी वेळेवर यायला लागली!

फार आठवण यायची हो. हसायच्या तेव्हा ओढणी तोंडाशी नेण्याची, 'सर, तुमची गाडी' म्हणण्याची. आपल्याला कोणी रोज 'जा' म्हणावं आणि आपण जाऊ नये, यात काय सुख असतं ते गेल्यावर कळलं.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. वर्गात म्हटलं, "मुलांनो, चांगला लेखक दोन्ही बाजू मांडू शकतो. आज उलट बाजूनं लिहा, ही थेट बस नसावी."

सगळा वर्ग माझ्याकडे टकामका बघत राहिला.

"काऊन सर? चांगली तं चालू हाये."

"सरावासाठी रे."

साक्षी पेन खाली ठेवून म्हणाली, "सर, पन याच्यात नुकसान कोनाचं हाये? नुकसान पाह्यजे नं दाखवाले."

"विचार करा. असेल कोणाचं तरी."

मग रोशन म्हणाला, "स्टँडवरच्या चहावाल्याचं."

"शाबास! आणखी?"

"अजून?" रोशननं डोकं खाजवलं. "अजून कोनाचंच नाई, सर."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ फळाच पुसत राहिलो. फळा कोराच होता.

आणि आली राखी! आदल्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. "झाडे सर, उद्या गावातल्या बाया येणार आहेत शाळेत. तुमच्या गाडीनं जाणाऱ्या सगळ्या. तुम्हाला राखी बांधणार म्हणतात. चांगले कपडे घालून या."

सगळ्या म्हणजे? सगळ्या?

दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, डोक्यावर टोपी घातली. मागे माझी सातवी ओळीनं उभी. सरपंचांनी भाषण ठोकलं, "झाडे सर म्हनजे साऱ्या गावाच्या बहिनीचा भाऊ!" टाळ्या. मग रांग लागली. नर्सिंगच्या पोरी आल्या, मेसच्या बाया आल्या, सफाईच्या मावशी आल्या. राखी, कुंकू, साखर. राखी, कुंकू, साखर. माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरत चालला, आणि मी एकेकीला ओवाळणी देत होतो.

आणि रांगेच्या शेवटी वैशाली मॅडम उभ्या होत्या.

इतक्या दिवसांनी बघत होतो. निळा ड्रेस, खांद्यावर तीच पर्स. आनंद झाला की भीती वाटली, मला आजही सांगता यायचं नाही. रांग पुढे सरकत होती तसा मी मनात धावा करत होतो. देवा, यांच्यापर्यंत राख्या संपू दे! वीज जाऊ दे! काहीतरी कर!

त्या समोर आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. कुंकू लावलं नाही, साखर दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"सर, एक विचारू?"

"विचारा ना मॅडम."

"गाडी स्टँडवरून काऊन नाई घेतली?"

मंडळी, अहो, दार उघडून दिलं होतं हो त्या बाईनं! मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. छातीत सगळं तयार होतं. की मॅडम, चूक झाली. मी मूर्ख आहे. रोज दोन चहा सांगतो आणि दोन्ही मीच पितो. तुमच्याशिवाय ते स्टँड मला खायला उठतं.

पण मागे सातवी उभी होती. साक्षीचे कान माझ्या पाठीला टोचत होते. आणि तोंडाला एकदा सवय लागली की ते मालकाचं ऐकत नाही.

"वेळ वाचतो," मी म्हणालो. "आत शिरलं की वळसा पडतो. डिझेल जास्त जातं. शिवाय थकल्याभागल्या प्रवाशांच्या दृष्टीनं बघितलं तर..."

मागून रोशन पुटपुटला, "बराबर हाये."

मॅडमनी मान हलवली. "हो. वाचते वेळ. मी लवकर पोचते घरी. आई बी खूश हाये." त्या थांबल्या. "अन् तुमचा जो वेळ वाचला सर, त्याचं तुमी काय करता?"

घ्या! पुन्हा संधी! देवानं एका माणसाला दोनदा दार उघडून द्यावं, असं कुठं होतं का?

"निबंध तपासतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी त्या दिवशी बसच्या खिडकीतून पाहिलं होतं तसं. मग मूठ उघडली. आत एक साधी राखी होती, रेशमाची, घट्ट धरून धरून चुरगळलेली.

"मंग बांधू?" त्यांनी विचारलं.

विचारलं हो त्यांनी! कोणती बहीण भावाला असं विचारून राखी बांधते, सांगा मला! नको, एवढंच म्हणायचं होतं. पण सरपंच बघत होते, मुख्याध्यापिका बाई बघत होत्या, व्हरांडाभर बाया बघत होत्या.

"बांधा ना ताई, त्यात विचारायचं काय?" असं म्हणून मी हात पुढे केला.

त्यांनी बांधली. गाठ नीट बसली की नाही तेही ओढून बघितलं. आणि मी काय केलं असेल? खिशात हात घातला आणि ओवाळणी टाकली त्यांच्या ताटात! बाकीच्यांना दिली तेवढीच. भावानं बहिणीबहिणींत भेदभाव करू नये ना!